गाडीला ऊन लागतं तेव्हा

वाचण्यापूर्वी
तुमच्या गावात उन्हाळ्यात जास्तीत जास्त तापमान किती असतं? तो आकडा वहीत लिहा. त्याच्या शेजारी लिहा : उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसल्यावर सगळ्यात आधी कशाला चटका बसतो? आता पाठ वाचा.

माणसाला ऊन लागतं, बॅटरीलाही लागतं

मित्रमैत्रिणींनो, मराठीत ‘ऊन लागणे’ असा एक वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ फक्त अंगावर ऊन पडणे असा नाही. भर दुपारी फार वेळ बाहेर राहिल्यामुळे डोकं दुखतं, चक्कर येते, अंगातली ताकद जाते, तेव्हा घरातली मोठी माणसं म्हणतात, “त्याला ऊन लागलंय.”

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचंही काहीसं असंच होतं. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिला साधारण १५ ते ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ५९ ते ९५ अंश फॅरनहाइट, एवढं तापमान मानवतं. म्हणजे जवळजवळ तुम्हाला-मला आवडतं तेवढंच! त्यापेक्षा फार थंडी झाली तर ती सुस्त होते. फार गरम झाली तर तिच्या आतल्या नको असलेल्या रासायनिक क्रिया वेगाने होऊ लागतात आणि तिचं आयुष्य कमी होतं. खूपच जास्त तापली तर आगीचा धोका निर्माण होतो.

मग कुवेत, दुबई किंवा ॲरिझोनासारख्या ठिकाणी या गाड्या कशा चालतात? त्यांना थंड कोण ठेवतं? आणि ते काम नीट होतंय की नाही, हे कसं तपासतात? या पाठात आपण तेच समजून घेणार आहोत.

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो. माझ्या रोजच्या कामात ‘टेस्टिंग’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो. पण माझी शाळा मराठी माध्यमाची होती. त्यामुळे उष्णतेचं विज्ञान मी ‘वहन, अभिसरण, प्रारण, बाष्पीभवन’ अशा शब्दांत शिकलो. तुम्ही हेच विज्ञान शाळेत दुसऱ्या भाषेत शिकला असाल. आज तेच मराठीत वाचून बघा. कल्पना ओळखीच्या वाटतील, फक्त त्यांची नावं नवी असतील.

गाडीत उष्णता येते कुठून?

उष्णता दोन बाजूंनी येते : बाहेरून आणि आतून.

बाहेरून येणारी उष्णता सोपी आहे. सूर्याची किरणं काचेतून आत येतात. तापलेला डांबरी रस्ता खालून गाडीला भाजत असतो. आणि बॅटरी बहुतेक वेळा गाडीच्या तळाशीच बसवलेली असते.

आतून येणारी उष्णता जरा गमतीची आहे. बॅटरीतून वीज बाहेर पडताना किंवा आत जाताना तिला अडथळा होतो. या अडथळ्याला ‘रोध’ म्हणतात. रोधामुळे थोडी वीज उष्णतेत बदलते. वीजप्रवाह दुप्पट केला, तर उष्णता दुप्पट होत नाही, ती चौपट होते!

एक उदाहरण घेऊ. समजा, बॅटरीचा रोध ०.०५ ओहम आहे.

प्रवाह २०० अँपिअर असेल तर उष्णता = २०० × २०० × ०.०५ = २००० वॉट.
प्रवाह ४०० अँपिअर असेल तर उष्णता = ४०० × ४०० × ०.०५ = ८००० वॉट.

ब्रिटनमधल्या घरात चहाचं पाणी उकळणारी विजेची किटली साधारण ३००० वॉटची असते. म्हणजे दुसऱ्या उदाहरणात बॅटरीच्या पोटात अडीचपेक्षा जास्त किटल्या एकाच वेळी चालू आहेत असं समजा. म्हणूनच बॅटरीला सगळ्यात जास्त त्रास होतो तो दोन वेळी : चढावर जोरात जाताना, आणि फास्ट चार्जरवर भराभर चार्ज होताना.

पेट्रोलची गाडी तर जास्त तापते. मग काळजी हिची का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर शाब्बास! पेट्रोलचं इंजिन खरोखरच खूप जास्त उष्णता वाया घालवतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा निम्म्याहून जास्त भाग उष्णता म्हणून निघून जातो. त्या मानाने इलेक्ट्रिक मोटर फारच काटकसरी आहे.

पण इथे एक मेख आहे. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. पाणी जसं उताराकडे वाहतं, तसंच.

पेट्रोलच्या इंजिनातलं कूलंट सुमारे ९० अंश सेल्सिअसला असतं. बाहेर ४५ अंश असले, तरी आत आणि बाहेर ४५ अंशांचा फरक राहतो. चांगलाच मोठा उतार! रेडिएटरमधून हवा खेळली की उष्णता आपोआप बाहेर जाते.

आता इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचा विचार करा. तिला ठेवायचंय ३० अंशांवर, आणि बाहेर आहेत ४५ अंश. आता उतार उलटा झाला. बाहेरची हवा बॅटरीपेक्षा गरम आहे. अशा वेळी रेडिएटर कितीही मोठा बसवला, पंखा कितीही जोरात फिरवला, तरी बॅटरी ४५ अंशांच्या खाली येणार नाही. उलट बाहेरची उष्णताच आत येईल.

म्हणजे उष्णता कमी असूनही काम अवघड आहे. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी धडपड याच एका अडचणीतून निघाली आहे.

कूलंट म्हणजे काय?

कूलंट म्हणजे उष्णता वाहून नेणारं द्रव. ते गाडीत नळ्यांमधून फिरत राहतं. बॅटरीच्या जवळून जाताना ते उष्णता उचलतं, पुढे जाऊन सोडतं आणि पुन्हा परत येतं. टपालाची पिशवी घेऊन फिरणाऱ्या पोस्टमनसारखं समजा, फक्त पिशवीत पत्रांऐवजी उष्णता.

उष्णता वाहून नेण्यात पाणी फार हुशार आहे. १ लिटर पाण्याचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. या गुणाला ‘विशिष्ट उष्माधारकता’ म्हणतात. शब्द लांबलचक आहे, पण फोडून बघा : उष्मा + धारकता. उष्णता धरून ठेवण्याची क्षमता. झालं सोपं!

पण नुसतं पाणी ० अंशाला गोठतं आणि धातूला गंज आणतं. म्हणून त्यात इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायनं मिसळतात. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असेल, तर ते मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. शिवाय ते १०० अंशांच्या थोडं वरच उकळतं.

मात्र या फायद्याची किंमत मोजावी लागते. अशा १ लिटर मिश्रणाला १ अंशाने तापायला सुमारे ३.५ किलोज्यूलच पुरतात. म्हणजे ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. म्हणून चाचणी घेताना गाडीत जे कूलंट विकलं जाणार आहे, तेच भरायला हवं. नुसतं पाणी भरून चाचणी घेतली, तर निकाल खोटा चांगला येईल!

सावधान! इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं. जमिनीवर सांडलेलं कूलंट कुत्रा किंवा मांजर चाटू शकतं. कुठे गळलेलं दिसलं तर हात लावू नका, लगेच घरातल्या मोठ्यांना सांगा. आणि गाडी गरम असताना कूलंटचं झाकण कधीही उघडायचं नाही.

माठाची युक्ती

मग बाहेरच्या हवेपेक्षा थंड व्हायचं कसं? याचं एक उत्तर तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात असेल. ते म्हणजे माठ!

मातीच्या माठाला अगदी बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपतं आणि त्याची वाफ होते. या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात. वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते. म्हणून बाहेर ४० अंश असले, तरी माठातलं पाणी गार लागतं.

इलेक्ट्रिक गाडीतही हीच युक्ती आहे, फक्त बंद नळीत. गाडीच्या एसीमध्ये एक खास द्रव असतं. त्याला शीतक म्हणू या. ते खूप कमी तापमानालाही उकळतं. ‘चिलर’ नावाच्या एका छोट्या भागात एका बाजूने बॅटरीचं गरम कूलंट जातं आणि दुसऱ्या बाजूने हे शीतक. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, मध्ये धातूचा पातळ पत्रा असतो. कूलंटची उष्णता घेऊन शीतक उकळतं, त्याची वाफ होते आणि कूलंट थंड होतं.

पुढे कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. दाबल्यामुळे ती बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते. आता उतार पुन्हा सुलटा झाला! मग तिची उष्णता गाडीच्या पुढच्या बाजूने बाहेरच्या हवेत सोडता येते. वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि चक्र चालू राहतं.

माठ नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात छान काम करतो, मुंबईच्या दमट हवेत तेवढा नाही, कारण दमट हवेत बाष्पीभवन हळू होतं. गाडीतलं शीतक बंद नळीत असल्यामुळे त्याचं बाष्पीभवन हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून नसतं.

ॲरिझोनाचा धडा

२०१० सालच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत दोन नव्या गाड्या ग्राहकांच्या हातात पडू लागल्या. एक निसान लीफ, पूर्ण इलेक्ट्रिक. दुसरी शेवरोले व्होल्ट, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी. व्होल्टच्या बॅटरीतून कूलंट फिरत होतं. लीफच्या बॅटरीत कूलंट नव्हतं. तिची उष्णता आपोआप हवेत जाईल तेवढीच.

लीफच्या डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या १२ पट्ट्या होत्या. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या फिनिक्स परिसरातले काही मालक तक्रार करू लागले, की त्यांच्या पट्ट्या कमी होतायत. पहिली पट्टी गेली, म्हणजे सुमारे १५ टक्के क्षमता गेली. फिनिक्समध्ये उन्हाळ्यात १०० अंश फॅरनहाइट म्हणजे रोजची गोष्ट. २०२३ मध्ये तर तिथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटवर किंवा त्याहून वर गेला होता, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्याही पुढे.

विचार करा. ज्या कुटुंबाने हिशेब करून गाडी घेतली होती, की ऑफिसला जाऊन-येऊन एका चार्जमध्ये भागेल, त्यांचा तो हिशेबच चुकला. पुढे कंपनीने क्षमतेची हमी दिली : ५ वर्षं किंवा ६०,००० मैल पूर्ण होण्याआधी पट्ट्या ९ पेक्षा कमी झाल्या, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल. आणि २०१५ च्या मॉडेलसाठी उष्णता जास्त सोसणारी बॅटरी बनवली.

आज बहुतेक नव्या इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत कूलंट फिरतं. भारतातलं उदाहरण म्हणजे टाटा नेक्सॉन ईव्ही. पुण्याजवळच्या रांजणगावला बनणारी ही गाडी २०२० मध्ये बाजारात आली, तीच मुळी कूलंटने थंड होणाऱ्या बॅटरीसह.

पण कूलंट भरलं म्हणजे काम झालं असं नाही. ते पुरेसं आहे का, हे तपासावं लागतं.

परीक्षा कुठे घेतात?

उन्हाळ्याची परीक्षा घ्यायची तर जिथे खरंच ऊन आहे, तिथेच जायला हवं. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीमध्ये १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस, म्हणजे १३४ अंश फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं. तो आजही जगातला अधिकृत उच्चांक आहे. दर उन्हाळ्यात अनेक कंपन्या आपल्या नव्या गाड्या तिथे घेऊन येतात. गाडीचा आकार कुणाला कळू नये म्हणून तिच्यावर काळ्या-पांढऱ्या वेड्यावाकड्या नक्षीचा कागद चिकटवलेला असतो!

कुवेतमधल्या मित्रिबाह इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनो, तुम्हीही यातून सुटला नाहीत : १९ जुलै २०२२ रोजी कोनिंग्जबी इथे ४०.३ अंश झाले होते.

ॲरिझोनामध्ये आणखी एक प्रसिद्ध जागा आहे : डेव्हिस डॅमचा घाट. (मराठीत ‘घाट’ म्हणजे नदीच्या पायऱ्या, आणि ‘घाट’ म्हणजे डोंगरातला चढाचा रस्ताही. इथे दुसरा अर्थ घ्यायचा.) कोलोरॅडो नदीजवळून निघणारा हा रस्ता सुमारे १८ किलोमीटरमध्ये जवळजवळ ९०० मीटर वर चढतो. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांची क्षमता ठरवण्यासाठी अमेरिकेत जो नियम आहे, त्यात हाच घाट धरलेला आहे. तापमान किमान १०० अंश फॅरनहाइट हवं, मागे ट्रेलर हवा, एसी पूर्ण जोरात चालू हवा आणि तरी बहुतेक गाड्यांनी वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. एसी बंद करून पास होण्याची पळवाट ठेवलेलीच नाही!

हवेचा काही भरवसा नसतो. आज ४५ अंश, उद्या ढग आणि ४१. मग दोन दिवसांची तुलना कशी करणार? म्हणून काही चाचण्या मोठ्या बंद खोलीत घेतात. तिथे तापमान ठरवता येतं, वारा सोडता येतो आणि सूर्याऐवजी प्रखर दिवे लावता येतात. पण खोलीत धूळ नसते, भाजणारा रस्ता नसतो, सिग्नलला खोळंबलेल्या गाड्या नसतात. म्हणून खोली आणि रस्ता, दोन्ही लागतात.

परीक्षेचा दिवस

आता आपण चाचणी घेणाऱ्या इंजिनिअरच्या शेजारी बसलोय असं समजू या. काम साधारण या क्रमाने चालतं.

१. सेन्सर बसवणे. कूलंट बॅटरीत जिथे शिरतं तिथे एक आणि जिथून बाहेर पडतं तिथे एक, असे तापमान मोजणारे सेन्सर लावतात. बॅटरीच्या वेगवेगळ्या भागांतही सेन्सर असतात. कूलंट मिनिटाला किती लिटर वाहतंय, हेही मोजतात. सेन्सर खरं बोलतोय ना, हे बघण्याची एक जुनी सोपी रीत आहे : तो बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवायचा. ० अंश दाखवले तर ठीक!

२. हवा काढणे. कूलंट भरताना नळीत हवेचे बुडबुडे राहिले, तर तिथे प्रवाह नीट होत नाही. म्हणून आधी सगळी हवा बाहेर काढतात.

३. गाडी उन्हात तापवणे. काचा बंद करून गाडी काही तास उन्हात उभी ठेवतात. का? कारण लोक हेच करतात! ऑफिससमोर किंवा दुकानासमोर गाडी दुपारभर उन्हात असते आणि मग अचानक तिच्याकडून कामाची अपेक्षा करतात.

४. घाट चढणे. थंड व्हायला वेळ न देता गाडी थेट चढावर नेतात. एसी पूर्ण चालू.

५. लगेच फास्ट चार्जिंग. घाट संपला, बॅटरी तापलेली आहे आणि आता तिला फास्ट चार्जर लावायचा. हा दिवसातला सगळ्यात अवघड पेपर. कारण गाडी उभी असल्यामुळे समोरून वारा नाही. सगळी भिस्त पंख्यावर आणि चिलरवर.

६. पुन्हा तेच. एकदा पास झाली म्हणून थांबत नाहीत. तीच चाचणी परत परत घेतात. आकडे दर वेळी जवळपास सारखे आले, तरच त्यांच्यावर विश्वास ठेवायचा.

आकडे कसे वाचायचे?

समजा, मिनिटाला १० लिटर कूलंट वाहतंय. ते बॅटरीत २० अंशांवर शिरलं आणि २६ अंशांवर बाहेर पडलं. मग त्याने किती उष्णता उचलली?

१० लिटर × ६ अंश × ३.५ किलोज्यूल = दर मिनिटाला २१० किलोज्यूल.
२१० ÷ ६० = दर सेकंदाला ३.५ किलोज्यूल, म्हणजेच ३.५ किलोवॅट.

मघाची ब्रिटिश किटली आठवते? त्याहून थोडी जास्तच उष्णता हे कूलंट सतत उचलून नेतंय. आता बॅटरीत ८ किलोवॅट उष्णता तयार होत असेल तर? मग ३.५ पुरणार नाहीत, बॅटरी तापत जाणार. उपाय काय? पंपाचा वेग वाढवायचा, कूलंट आणखी थंड करून पाठवायचं किंवा चार्जिंगचा वेग कमी करायचा.

इंजिनिअर तापमानाचा आलेख काढतात आणि मुख्यतः तीन गोष्टी बघतात.

पहिली गोष्ट : रेष सपाट होते का? सुरुवातीला तापमान वाढणारच. पण काही वेळाने रेष आडवी झाली, तर जेवढी उष्णता तयार होतेय तेवढीच बाहेर जातेय असा त्याचा अर्थ. रेष वरच चढत राहिली, तर थंडावा कमी पडतोय.

दुसरी गोष्ट : सगळे सेल सारखेच थंड आहेत का? बॅटरी म्हणजे शेकडो, कधी हजारो छोट्या सेलचं मोठं कुटुंब. कूलंट ज्या सेलकडे आधी पोचतं, तो गार राहतो. शेवटच्या सेलपर्यंत पोचेपर्यंत कूलंट स्वतःच गरम झालेलं असतं. सरासरी तापमान छान दिसतं, पण कोपऱ्यातला एखादा सेल बिचारा भाजत असतो. तो लवकर म्हातारा होतो आणि सगळ्या बॅटरीला मागे खेचतो. म्हणून नुसती सरासरी बघून चालत नाही.

तिसरी गोष्ट : गाडीने ताकद कमी केली का? बॅटरी फार तापली की गाडीतला कॉम्प्युटर स्वतःच मोटरची ताकद किंवा चार्जिंगचा वेग कमी करतो. हे बॅटरीच्या भल्यासाठीच असतं. पण ते घाटात, मागून ट्रक येत असताना अचानक झालं तर? म्हणून ताकद कधी कमी झाली, किती हळूहळू झाली आणि चालकाला आधी सूचना मिळाली का, हे सगळं नोंदवतात. गाडी बंद पडली नाही, एवढ्यावरच तिला पास करत नाहीत.

थंडावा आधी कुणाला?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. बऱ्याच गाड्यांमध्ये कॉम्प्रेसर एकच असतो. तोच माणसांसाठी हवा थंड करतो आणि तोच चिलरमधून बॅटरी थंड करतो.

बाहेर ४८ अंश आहेत. गाडी फास्ट चार्जरला लावलीय. मागच्या सीटवर तुमचा लहान भाऊ झोपलाय. बॅटरीला थंडावा हवाय आणि त्यालाही. दोघांना पुरेल एवढा नाहीये. कुणाला आधी द्यायचा?

हा निर्णय पंप किंवा नळी घेत नाही. तो सॉफ्टवेअर घेतं. म्हणजे कुणीतरी माणसाने तो आधीच विचार करून लिहून ठेवलेला असतो. टेस्लाच्या मॉडेल वाय गाडीत २०२० पासून आठ तोंडांचा एक व्हॉल्व्ह आहे. कोणत्या क्षणी कूलंट कोणत्या वाटेने पाठवायचं, हे सॉफ्टवेअर त्या व्हॉल्व्हला सांगतं. यंत्र साधं, पण त्याला सांगायचं काय, तिथे माणसाचा शहाणपणा लागतो.

सॉफ्टवेअर तपासताना आम्ही नेहमी विचारतो, “सगळं एकाच वेळी बिघडलं तर काय होईल?” गरम गाडी, भरलेली माणसं, पूर्ण एसी, फास्ट चार्जिंग आणि शून्य वारा. उन्हाळी चाचणीत अशी परिस्थिती मुद्दाम तयार करतात. मग बघतात : आतल्या माणसांना त्रास होतो का? चार्जिंगला किती वेळ जास्त लागतो? चार्जिंग दहा मिनिटं लांबलं तरी चालेल, पण गाडीत बसलेलं बाळ गुदमरायला नको, हे तुम्हालाही पटेल. अशा निवडी आधी कागदावर ठरवतात आणि मग उन्हात जाऊन तपासतात.

भारतातही या विषयाकडे आता जास्त लक्ष दिलं जातंय. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथे काही इलेक्ट्रिक स्कूटर्सना आगी लागल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षा चाचण्यांचे नियम कडक केले. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यात आहे : ए.आर.ए.आय. तिची स्थापना १९६६ साली झाली.

तुमच्या घरी जुनी इलेक्ट्रिक गाडी विकत घ्यायचं चाललं असेल, तर आईबाबांना तीन प्रश्न विचारायला सांगा. बॅटरी कूलंटने थंड होते की नुसत्या हवेने? गाडी आधी कोणत्या गावात, किती उन्हात वापरली होती? बॅटरीची आजची क्षमता किती टक्के आहे? विकणाऱ्याला हे प्रश्न बहुधा अपेक्षित नसतील!

करून बघा

साहित्य : दोन सारख्या स्टीलच्या बाटल्या, दोन थर्मामीटर, एक सुती कापड, एक पंखा.

दोन्ही बाटल्यांत सारखंच, नळाचं पाणी भरा. एका बाटलीला ओलं कापड गुंडाळा. दोन्ही बाटल्या सावलीत, पंख्यापासून सारख्या अंतरावर ठेवा. एक तास, दर १० मिनिटांनी दोन्हींचं तापमान लिहा आणि आलेख काढा. रेष कधी सपाट झाली? दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा करा. आकडे तेच आले का? दुबईचे, लंडनचे आणि फिनिक्सचे विद्यार्थी आपले आकडे वर्गात एकमेकांना सांगा. फरक का पडला असेल?

शब्दओळख

वाक्प्रचार – ठरावीक अर्थाने वापरला जाणारा शब्दसमूह
मानवणे – प्रकृतीला योग्य वाटणे, सोसणे
मेख – लपलेली अडचण, खरी गोम
काटकसरी – कमी खर्चात काम भागवणारा
झिरपणे – बारीक छिद्रांतून हळूहळू बाहेर येणे
दमट – हवेत ओलावा असलेली
भिस्त – भरवसा, आधार
पळवाट – नियमातून सुटायची वाट
खोळंबणे – अडकून थांबून राहणे

विचार करा आणि लिहा

१. इलेक्ट्रिक गाडी कमी उष्णता तयार करते, तरीही तिला थंड ठेवणं अवघड का आहे? तीन-चार वाक्यांत लिहा.
२. माठ आणि चिलर यांच्यात सारखं काय आणि वेगळं काय?
३. मिनिटाला १२ लिटर कूलंट वाहतंय. ते २२ अंशांवर शिरतं आणि २७ अंशांवर बाहेर पडतं. किती किलोवॅट उष्णता बाहेर नेली? (उत्तर : ३.५)
४. ‘ऊन लागणे’, ‘चटका बसणे’, ‘भिस्त असणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुम्ही गाडीचं सॉफ्टवेअर लिहिताय. थंडावा आधी कुणाला द्याल, आणि कोणत्या परिस्थितीत तो निर्णय बदलाल? वर्गात दोन मिनिटं बोला.